मुलाणीकाकांनी नेलेलं पार्सल

आमच्या घरात पुस्तक आधी शिवलं जायचं, मग छापलं जायचं. बाबांची हस्तलिखितं रजिस्टर पोस्टाने पुण्याला प्रकाशकांकडे जात, आणि जाण्याआधी आई त्यांना मांजरपाटाचं आवरण शिवत असे. गठ्ठ्याच्या खाली-वर पुठ्ठे, त्यावर जुन्या वर्तमानपत्राचे दोन थर, त्यावर कापड. आई दाभणाने जाड टाके घाली, मी मेणबत्तीवर लाख वितळवून टाक्यांवर ठिपके देई, आणि लाख गार व्हायच्या आत बाबा आपल्या जुन्या कोटाचं पितळी बटण त्यावर दाबून ठसा उमटवत. या सगळ्या खटाटोपात त्यांच्या वाट्याला तेवढंच काम होतं, पण ते अशा थाटात करायचे की पाहणाऱ्याला वाटावं, खरं काम बटणाचंच आहे. मग ते पार्सल वरच्या मजल्यावरचे मुलाणीकाका सकाळी ऑफिसला जाताना बरोबर नेत. त्यांच्या मंत्रालयाच्या तळमजल्यावर पोस्ट होतं, तिथे गर्दी कमी असे, आणि बाबांना रांगेत उभं राहायचा तिटकारा होता.

हे सगळं पुन्हा वर आलं ते गेल्या महिन्यात आलेल्या एका फोनमुळे. मी आता गुरुग्रामला मुलाकडे राहते, एकविसाव्या मजल्यावर. बाबांच्या निवडक पुस्तकांचा संच निघतो आहे आणि त्याचं संपादन करणारी एक तरुण मुलगी पुण्याहून बोलत होती. "मॅडम, सरांच्या श्रद्धेवरच्या पुस्तकात सहाव्या प्रकरणाच्या सुरुवातीला एक वाक्य आहे. 'मागच्या प्रकरणातल्या जैनबबींप्रमाणे याही बाईला अक्षरओळख नव्हती.' पण मागच्या प्रकरणात जैनबबी कुणी नाहीच. अख्ख्या पुस्तकात नाही. छपाईत काहीतरी घोळ झालेला दिसतोय. काढून टाकू ना?" दोन दिवसांनी सांगते, असं म्हणून मी फोन ठेवला. इतक्या वर्षांत त्या वाक्यावर आपणहून बोट ठेवणारी ती दुसरीच व्यक्ती. पहिल्या व्यक्तीने बोट ठेवलं तेव्हा काय झालं, ते इथे लिहून ठेवते.

बाबा एका मराठी दैनिकाचे दिल्लीतले बातमीदार होते. दिवसा राजकारणाच्या बातम्या आणि उरलेल्या वेळात पुस्तकं. श्रद्धा, पुराणकथा, कविता आणि सार्वजनिक जीवन, हे त्यांचे चार विषय. प्रत्येक पुस्तकात चारही थोडेथोडे असत. महाराष्ट्रात त्यांना विचारवंत म्हणत. मी त्यांच्याबरोबर एका घरात राहिले असल्यामुळे मला ते लेखक वाटतात, आणि चांगले लेखक वाटतात, एवढं मी अजूनही कबूल करते. महाराष्ट्रातून पाहुणा आला की बाबा त्याला पानिपतला घेऊन जात आणि तिथे उन्हात उभं करून असं बोलत की पाहुणा रुमाल काढी. आई त्याच पाहुण्याजवळ यादी देई: येताना दोन डबल चादरी, रंग न जाणाऱ्या. पाहुणे रडून आणि चादरी घेऊन परत येत.

घर सरोजिनी नगरमधलं, सरकारी क्वार्टर, तळमजला, दोन खोल्या. क्वार्टर आईच्या नावावर होतं. आई एका मंत्रालयात सहाय्यक होती, आणि दारावर पाटी होती ती तिच्या नावाची आणि तिच्या हुद्द्याची. बाबांचं नाव पुस्तकांच्या पाठीवर असे, दारावर नसे. मोठी माणसं भेटायला आली की पाटीकडे पाहून जरा थबकत, मग हसून आत येत, आणि ते हसू बाबांना दिवसभर पुरे. त्यांनी दाराशी बोगनवेल लावली होती आणि ती बरोबर पाटीवर चढेल अशी दोऱ्याने ओढून बांधली होती. आई दर दिवाळीला कात्रीने ती छाटायची. यावर त्या दोघांमध्ये कधी एक शब्द झाल्याचं मला आठवत नाही. वेल वाढे, आई छाटे.

वरच्या मजल्यावर दस्तगीर मुलाणी, म्हणजे आमचे मुलाणीकाका, फातिमाकाकू आणि त्यांची शमीम. शमीम माझ्याहून चार वर्षांनी लहान. काका मिरजेच्या पलीकडच्या एका गावचे, सेक्शन ऑफिसर, कपडे कायम इस्त्रीचे आणि बोलणं हळू. आमच्या छतातून काकूंच्या खलबत्त्याचा ठोका ऐकू यायचा. शेंगदाणे, लसूण, तिखट. तो ठोका सुरू झाला की आई इथे भाकरीचं पीठ काढायची, कारण थोड्याच वेळात वाटी खाली येणार हे ठरलेलं. बाहेर भाजीवाल्याची आरोळी, मार्केटमधल्या कपडेवाल्यांचा कालवा, थंडीत मटाराच्या शेंगांचे ढीग. आणि या सगळ्या हिंदी कोलाहलात त्या एका जिन्यावर मराठी. शाळेत मी "यार, चलो" करणारी मुलगी होते. जिना चढताना माझी भाषा बदलायची.

बाबांचं अक्षर कुणालाही लागत नसे. पुण्याच्या छापखान्यातून तक्रारी आल्या, तेव्हा चौदाव्या वर्षी मी त्यांची लेखनिक झाले. शाळेतून आल्यावर दोन तास मी त्यांच्या खर्ड्यावरून सुवाच्य प्रत करायची. आईने पाटीवर गिरवून घेतलेलं माझं अक्षर त्या छापखान्यात नावाजलं गेलं, असं बाबा सांगत. शब्द मात्र अडत. दिल्लीत वाढलेल्या माझ्यासारख्या मुलीला 'खण' म्हणजे कपाटाचा एवढंच ठाऊक. बाबांना विचारलं की ते म्हणत, "बिल्कुल मराठी येत नाही तुला, काय करायचं तुझं." म्हणून मी शब्दांची यादी करून वर जायची. काका फातिमाकाकूंना ट्रंक उघडायला लावून चोळीचा खण माझ्या हातात देत. "हे बघ. हा काठ, हे पोत. आता लिही." ओटी, परडी, नैवेद्याचा दही-भात, हे शब्द मला एका मुसलमान सेक्शन ऑफिसरने शिकवले. बाबांनी यावर एक सुंदर लेख लिहिला असता. पण तसं काही होतंय हे त्यांनी कधी पाहिलंच नाही.

आमच्याकडे एक पद्धत होती. प्रत्येक प्रकरण पुण्याला जाण्याआधी रविवारी सकाळी वरच्या घरात वाचायचं. आई पोह्यांचं पातेलं वर न्यायची, काकू चहा ठेवायच्या, बाबा काकांच्या वेताच्या खुर्चीत बसायचे आणि मी माझ्या प्रतीवरून मोठ्याने वाचायची. काका डोळे मिटून ऐकत. आवडलं की काही बोलत नसत. नाही आवडलं तर म्हणत, "भाऊसाहेब, हे वाक्य जरा शहाणं झालंय." बाबा फुरंगटत, पण सोमवारी ते वाक्य बदललेलं असे. बाबांच्या गद्याला जो साधेपणा आहे म्हणून समीक्षक लिहितात, तो त्या वेताच्या खुर्चीत आलेला आहे.

श्रद्धेवरच्या त्या पुस्तकातलं सहावं प्रकरण काकांच्या आजीवर होतं. जैनबबी. त्यांच्या गावी देवी डोंगरावर आणि पीर खाली ओढ्याकाठी. दोघं बहीण-भाऊ, असं गाव मानायचं. जत्रेत देवीची पालखी डोंगर उतरून पिराच्या दारी थांबायची आणि भावातर्फे बहिणीची ओटी भरायचा मान मुलाण्यांच्या घरातल्या थोरल्या बाईचा. जैनबबींनी तो आयुष्यभर चालवला, आणि जात्यावर बसून त्याच्या ओव्या रचल्या. काकांना पुष्कळशा पाठ होत्या. बाबा चार महिने संध्याकाळी वर जाऊन लिहून घेत होते.

बहीण डोंगरात, भाऊ ओढ्याच्या गं काठी
वर्साच्या चोळीचा खण बांधिला गं गाठी

प्रकरण वाचलं त्या रविवारी काकांनी डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. गालांवरून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही. काकू आतून येऊन दाराशी उभ्या राहिल्या होत्या. मग काका म्हणाले, "भाऊसाहेब, एकच करा. तिचं नाव असंच ठेवा. मुलाणीबाई वगैरे नको. जैनबबी."

"अहो, नावाशिवाय प्रकरणच नाही," बाबा म्हणाले. "शब्द आहे माझा."

त्या नावाचं काकांना एवढं का, ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. गावाहून त्यांच्या धाकट्या भावाची, इस्माईलकाकांची पत्रं येत होती. देवस्थानात नवी मंडळी आली होती आणि ती म्हणत होती की पालखी खाली उतरवायची नाही. भावा-बहिणीचं नातं, चोळीचा मान, हे असलं काही कधी नव्हतंच. असेल तर दाखवा, कुठे लिहिलंय? काकांची म्हातारी आई, जैनबबींची सून, तेव्हा तो मान चालवत होती. काकांनी भावाला कळवलं: थोडा धीर धरा, छापून येतंय. दिल्लीच्या मोठ्या लेखकाने लिहिलंय, नावानिशी. मला म्हणाले, "कुठे लिहिलंय म्हणतात ना? आता लिहिलं गेलं. तुझ्या अक्षरात, नीलू." ते ऐकून माझी छाती केवढी फुगली होती, ते आठवलं की आज लाज वाटते.

पुस्तकाला प्रस्तावना एका बड्या पुढाऱ्याची घ्यायची, असं बाबांनी ठरवलं होतं. त्यांना सगळे साहेब म्हणत, मीही तेवढंच म्हणते. साहेबांनी प्रत वाचायला मागवली. परत घेऊन आला तो त्यांचा सेक्रेटरी, शनिवारी दुपारी. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो बोलत होता. "सर, साहेबांना पुस्तक बिल्कुल पसंत पडलंय. फक्त ते सहावं प्रकरण. त्या भागात सध्या विषय नाजूक आहे, साहेबांचे लोक आहेत देवस्थानात. ते नसलं तर अच्छा. बाकी तुमच्या फ्लॅटची फाइल चालू आहे, टेन्शन नको." दोन्ही गोष्टी एका दमात. पत्रकारांच्या कोट्यातलं घर बाबांना हवं होतं. स्वतःच्या नावाचं, स्वतःच्या पाटीचं. बाबांनी बिस्किटांची बशी त्याच्यापुढे सरकवली.

तो गेल्यावर बाबा बराच वेळ दाराशी वेलीजवळ उभे होते. मग आत येऊन म्हणाले, "नीला, सहावं प्रकरण काढायचं. सातवं सहावं होईल, आठवं सातवं. पानांचे आकडे नीट बदल."

"आणि काकांना काय सांगायचं?"

"सांगायचं काय त्यात? पुढच्या आवृत्तीत घालू की. पुस्तक महत्त्वाचं असतं, एखादं प्रकरण नाही. मोठी झालीस की कळेल."

मी मोठी झाले. म्हातारी झाले. मला अजून कळलेलं नाही. पण त्या दिवशी मी वाद घातला नाही, हे लिहिलंच पाहिजे. मला वाईट वाटलं, आणि मी ब्लेड घेऊन कामाला बसले. एकेका पानाच्या कोपऱ्यातला आकडा खरवडायचा, नखाने कागद गुळगुळीत करायचा, वर नवा आकडा घालायचा. शंभरावर पानं होती. काढलेली एकोणीस पानं बाबांनी रद्दीत टाक म्हटलं, ती मी भूगोलाच्या वहीत ठेवली. पानांचे कोपरे सोडून मी कुठेही पाहिलं नाही, आणि बाबांनी तर कोपरेही पाहिले नाहीत. म्हणून पुढच्या प्रकरणाच्या आरंभीचं ते वाक्य तसंच राहिलं. मागच्या प्रकरणातल्या जैनबबींप्रमाणे. ते मी मुद्दाम ठेवलं, असं मी दोन-चार ठिकाणी सांगितलेलं आहे; लोकांना ते फार आवडतं. ते खरं नाही. मी दमले होते आणि मला लवकर संपवायचं होतं.

सोमवारी सकाळी आई टाके घालत होती. काका ऑफिसचा डबा घेऊन खाली येऊन बसले होते, चहा पीत. आईने शेवटची गाठ मारली आणि हातातला तुकडा उलगडून पाहिला. "या खेपेला कापड उरलं," ती म्हणाली.

"नीलूचं अक्षर बारीक झालं असेल, वहिनी," काका हसून म्हणाले.

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मेणबत्ती विझवत होते. तिला तेव्हा कळलं की नाही, हे मी तिला शेवटपर्यंत विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. बाबांनी बटण दाबलं आणि वर्तमानपत्र उचललं. पार्सल काकांच्या हातात द्यायला मी पायरीपर्यंत गेले. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. डबा काखेत मारला.

"आजी आत आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो काका."

एवढंच. हो आणि काका. मला ते बोलायला काहीच लागलं नाही. ते चार्टर्ड बसच्या थांब्याकडे निघाले, पार्सल छातीशी धरून, कारण त्या दिवशी धुकं होतं आणि कापडाला ओल लागू नये. कोपऱ्यावर वळताना त्यांनी हात हलवला, आणि मीही हलवला. स्वतःच्या आजीला वगळलेलं पुस्तक त्या माणसाने स्वतः नेऊन पोस्टात टाकलं, पावती घडी घालून खिशात ठेवली आणि संध्याकाळी आणून बाबांना दिली. बाबा म्हणाले, "तुमचे उपकार कसे फेडू, मुलाणी?"

पुस्तक पुण्यात निघालं. दिल्लीला प्रती यायच्या आधीच इस्माईलकाकांनी कोल्हापुरात जाऊन एक विकत घेतली, कारण जत्रा तोंडावर आली होती आणि देवळाच्या आवारात बैठक ठरली होती. त्यांनी ती उघडूनही पाहिली नाही. हिरव्या कागदात बांधून आणली होती तशीच बैठकीत नेली. हे आम्हाला कळलं ते जत्रेनंतरच्या रविवारी.

त्या रविवारी वाचायला काही नव्हतं. तरीही काका खाली आले, रविवारचे पहिल्यांदाच, वाचनाच्या नेहमीच्या वेळेला. आई मटारउसळीला फोडणी देत होती. काकांच्या हातात आंतरदेशीय पत्र होतं. ते उभेच राहिले. "भाऊसाहेब, आज मी वाचतो," ते म्हणाले.

ते पत्र त्यांनी त्यांच्या हळू आवाजात वाचलं. पुस्तक शाळेच्या मास्तरांच्या हाती दिलं. मास्तरांनी अनुक्रमणिका पाहिली. मग पानं चाळली, पुढून मागे, मागून पुढे. लोक वाट पाहत होते. शेवटी त्यांना एक ओळ सापडली, ती त्यांनी मोठ्याने वाचली, मागच्या प्रकरणातल्या जैनबबींप्रमाणे. मग त्यांनी मागचं प्रकरण उघडलं. तिथे नद्यांच्या कथा होत्या. नवीन मंडळींतला एकजण म्हणाला, मागचं प्रकरण मागेच राहिलं वाटतं, आणि लोक हसले. आपलेही हसले, असं इस्माईलकाकांनी लिहिलं होतं. पालखी यंदा उतरली नाही. अम्मी संध्याकाळपर्यंत ओढ्याशी खण घेऊन बसली होती. उठ म्हटलं तर उठेना. शेवटी दोघांनी धरून आणली.

काकांनी पत्राची घडी घातली. बाबा म्हणाले, "अरेरे. काय सांगू तुम्हाला, मुलाणी. प्रकाशकांनी काढलं. पुण्यात. पानं फार होत होती म्हणे, मला विचारलंसुद्धा नाही."

काका माझ्याकडे वळले. रागावलेले नव्हते. मला वाटतं, त्यांनी मला एक संधी दिली. "नीलू, आपण पाठवलं तेव्हा होतं ना ते आत?"

बाबा माझ्याकडे पाहत नव्हते. त्याची गरजच नव्हती त्यांना. मी म्हटलं, "हो काका. पुण्यात काढलं."

काका म्हणाले, "त्या दिवशी वहिनी म्हणाल्या होत्या. कापड उरलं."

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला. काकांनी पत्र खिशात ठेवलं. "जेवा तुम्ही. गार होतंय," असं म्हणून ते जिना चढून गेले. बाबा पाटावर बसले. "फार मनाला लावून घेतलं त्यांनी," म्हणाले, आणि दुसऱ्यांदा उसळ घेतली. आईने ती वाढली. मीही जेवले. छतातून त्या दिवशी खलबत्त्याचा ठोका आला नाही, आणि वाटीही पुन्हा कधी खाली आली नाही.

फ्लॅट मिळाला. तीन खोल्या, पुढे गच्ची, दारावर पितळी पाटी, फक्त बाबांचं नाव. आईचं क्वार्टर सोडलं. बोगनवेलीचं कलम बाबा बरोबर घेऊन निघाले होते, ते आईने कचऱ्यात टाकलेलं मी पाहिलं. नव्या घरात माझी स्वतःची खोली होती, तिच्या खिडकीतून कडुलिंब दिसायचा, आणि मी तिथे सुखाने अभ्यास करून पहिल्या वर्गात पास झाले. कडू घास असा गोड लागतो. बाबांवर सगळं ढकलून मोकळं व्हायचा मला अधिकार नाही, तो याच खोलीमुळे नाही.

वर्षभराने बाबांचं पुढचं पुस्तक तयार झालं. कवितेवरचं. आईने कापड शिवायला नकार दिला, हात दुखतो म्हणाली, म्हणून मीच वेडेवाकडे टाके घातले. आणि बाबांनी, विश्वास बसणार नाही, मला सांगितलं, "मुलाण्यांकडे देऊन ये. त्यांच्या पोस्टात काम चटकन होतं." मी नाही म्हणायला हवं होतं. मी बसने सरोजिनी नगरला गेले. जिन्यात भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास होता. दार काकांनीच उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पार्सलकडे पाहिलं, आणि हात पुढे केले. "आण. उद्या टाकतो."

"काका," मी म्हटलं, "यात फक्त कवितांवरचे..."

"नको," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच हळू होता. "नेतो मी. पण आत काय आहे ते आता मला सांगू नकोस, पोरी."

त्यांनी मला आत बोलावलं नाही. पुढे त्यांची बदली झाली, मग निवृत्त होऊन ते मिरजेला गेले. तिथेच वारले. मी गेले नाही. गेले असते तर काय सांगितलं असतं?

पुण्याच्या त्या मुलीला मी दोन दिवसांनी फोन केला. म्हटलं, वाक्य काढू नका, मागचं प्रकरण माझ्याकडे आहे, ते घाला. मुलाच्या मोबाइलवरून एकोणीस पानांचे फोटो काढून पाठवले. तिचा फोन आठवड्याने आला. "मॅडम, काय सुंदर प्रकरण आहे! मी रडले वाचताना. पण सरांशी बोलले, म्हणजे आमच्या प्रकाशकांशी. त्यांचं म्हणणं, सध्याच्या वातावरणात... पुढच्या आवृत्तीत नक्की बघू."

पुढच्या आवृत्तीत. मी हसले, आणि ती बिचारी गोंधळली. तिला सांगितलं, मग ते वाक्य तरी जिथे आहे तिथे राहू दे. घोळ आहे, तो दिसू दे. ती बरं म्हणाली. ठेवतील की नाही, कोण जाणे.

मग मी शमीमचा नंबर मिळवला. ती मिरजेत असते, शाळेतून निवृत्त झालेली. मी सगळं सांगितलं, पहिल्यांदा, पायरीवरच्या 'हो काका'सकट. तिने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "अब्बांना ठाऊक होतं, नीलाताई. ते घरात कधी बोलले नाहीत, पण त्यांना ठाऊक होतं. आता चोळीही नाही, पालखीही नाही. ओढासुद्धा आटला." मग म्हणाली, "पाठवा तरी. मूळची पानं पाठवा, फोटो नकोत."

मी मांजरपाट शोधायला निघाले. या गुरुग्राममध्ये ते मिळेना. शेवटी पानिपतच्या चादरीचा एक कोपरा कापला. टाके सरळ येत नाहीत. मुलगा म्हणाला, "आई, यार, कुरिअरवाले प्लास्टिकमध्ये घालून देतात, हे कशाला?" मी शिवत राहिले. दुपारी सोसायटीच्या फाटकाबाहेरच्या कुरिअरच्या काउंटरवर गेले. तिथल्या मुलीने पार्सल उलटसुलट केलं.

"अंदर क्या है, आंटी? खोल के दिखाना पड़ेगा."

तिने कात्री दिली. मीच घातलेले टाके मी एकेक करून कापले, पुठ्ठा बाजूला केला आणि पानं तिच्यापुढे ठेवली. पिवळी पडलेली, चौदा वर्षांच्या मुलीच्या अक्षरातली. तिने पाहिलीसुद्धा नाहीत, कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करत तिने पुन्हा विचारलं, "क्या है अंदर?"

"आजी आहे," मी म्हटलं. "आजी आत आहे, काका."

"जी?" ती म्हणाली.